हेअर पॅच पहिल्यांदा लावताय? मापापासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

टकलावर केसांचा पॅच लावून घरी आलो त्या रात्री उशीवर डोकं टेकवायलाच मी घाबरत होतो. कड निघेल, केस चुरगळतील, सकाळी काहीतरी भलतंच दिसेल असं वाटत होतं. रात्री दोन वाजता उठून बाथरूमच्या आरशात पाहून आलो. पॅच जागच्या जागी होता. सलूनमध्ये दीड तासात सगळं उरकलं होतं, पण घरी गेल्यावर काय करायचं, काय टाळायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. ‘महिन्याने सर्व्हिसिंगला या’, म्हणजे पॅच काढून, धुऊन परत लावून घ्यायला या, एवढंच सांगून मला पाठवलं होतं.

त्याला आता पाच वर्षं झाली. मी डोंबिवलीत राहतो. रोज स्टेशनपर्यंत स्कूटर आणि पुढे लोकल. घाम, हेल्मेट, पाऊस, टँकरचं पाणी हे सगळं अनुभवून झालं आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. पॅच स्वतःच्या हाताने काढता-लावता येईपर्यंत तो आपला वाटत नाही. तोवर आपण सलूनवाल्याने दिलेल्या तारखेवर जगत असतो. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्याच कामाला दिली आहे.

१. आधी त्वचेच्या डॉक्टरांना डोकं दाखवा

पुरुषांचं नेहमीचं टक्कल ओळखू येतं. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकतात किंवा भोवऱ्याजवळ केस विरळ होतात, पण कानांवरचे आणि मानेकडचे केस टिकून राहतात. तुमचं असं असेल तर पॅच लावायला सहसा अडचण नाही. मात्र नाण्याएवढे गोल चट्टे पडत असतील, म्हणजे आपण ज्याला चाई म्हणतो ती असेल, तर उपचारांनी केस परत येऊ शकतात. डोक्यावर लाल, खवलेदार पापुद्रे असतील, पुटकुळ्या असतील, आग होत असेल, तर आधी ते बरं करा. त्यावर पॅच चिकटवला तर त्रास झाकला जातो आणि आतल्या आत वाढतो.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवायचं औषध, लावत असाल तर तेही डॉक्टरांना विचारा. औषधाचा ओलसर थर असलेल्या कातडीवर टेप धरत नाही, आणि पॅचखाली ते रोज लावताही येत नाही.

२. माप, बेस आणि केस

पॅचचे दोन भाग असतात: डोक्याला टेकतो तो बेस आणि त्यात एकेक करून गुंफलेले केस. केस बहुतेक वेळा माणसाचेच असतात. आपल्याकडे तिरुपतीला भाविक जे केस अर्पण करतात, त्यांचा लिलाव होतो आणि जगभर त्यांचे टोप आणि पॅच बनतात. चीनमधलं चिंगदाओ शहर या उद्योगाचं मोठं केंद्र आहे. चांगल्या पॅचमध्ये गाठी हाताने मारलेल्या असतात. त्याच्या किमतीत या हातकामाचा वाटा मोठा असतो.

बेसचे मुख्य प्रकार तीन. मोनोची जाळी जरा कडक आणि दणकट असते. नीट सांभाळली तर सहा महिने ते वर्षभर टिकते, पण पुढची कड जाड दिसते. लेस म्हणजे अगदी बारीक, मऊ जाळी. तिच्यातून हवा खेळते आणि कपाळाची रेघ खरी वाटते, पण ती नाजूक असते, दोन-चार महिन्यांत विरते. तिसरा प्रकार पीयूचा, म्हणजे पारदर्शक पातळ पापुद्र्यासारखा. तो छान चिकटतो, पुसायला सोपा असतो, मात्र घाम आत अडकतो. दुकानागणिक या प्रकारांना निरनिराळी नावं देतात. नावावर जाऊ नका. पॅच हातात घ्या, उजेडासमोर धरा, जाळी कुठे आहे आणि पीयू कुठे आहे ते बघा. मुंबई-ठाण्यासारख्या दमट हवेत मला पुढे लेस आणि कडेने पीयूची पट्टी असलेला पॅच सगळ्यात सोयीचा वाटला. लेसमधून हवा खेळते आणि पीयूवर टेप नीट धरते.

माप घरीच घेता येतं. स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची पारदर्शक प्लास्टिक फिल्म डोक्यावर ताणून बसवा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टीचे थर द्या, म्हणजे साचा तयार होतो. मग मार्करने टकलाची कड आखून घ्या. तयार पॅच साधारण ७ बाय ५, ८ बाय ६ आणि ९ बाय ७ इंचांत मिळतात. गरजेपेक्षा मोठा पॅच घेतला तर तो तुमच्या चांगल्या केसांवर बसतो आणि तेही खराब होतात.

पुढचं लिहिताना मी मुद्दाम थांबतोय, कारण नव्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. दहा वर्षं केसांवाचून काढलेली असतात, त्यामुळे दुकानात बसल्यावर भरगच्चच केस हवे वाटतात. मलाही वाटले होते. पहिला पॅच मी घनदाट घेतला, हेअरलाइन, म्हणजे कपाळावरची केसांची रेघ, खाली आणि सरळ रेषेत ठेवून घेतली, आणि रंग काळाभोर निवडला. ३८ वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर २० वर्षांच्या मुलाचे केस! लोकांना काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण नजर तिथे जाते. म्हणून तीन गोष्टी धरून ठेवा:

- भुवया वर उचला. सगळ्यात वरची आठी जिथे पडते, त्याच्या वर हेअरलाइन हवी. दोन्ही कोपरे किंचित मागे गेलेले ठेवा, कड थोडी वेडीवाकडी असू द्या.
- दाटपणा मध्यम किंवा त्याहून कमी घ्या. पुढे विरळ आणि मागे दाट असा पॅच सगळ्यात खरा दिसतो.
- रंग कानांवरच्या आणि मानेवरच्या केसांशी जुळवा, जुन्या फोटोशी नाही. कडेला पांढरे केस असतील तर पॅचमध्येही तेवढे पांढरे मागा. पॅचमधले पांढरे केस अनेकदा कृत्रिम असतात, त्यांना ड्रायर किंवा स्ट्रेटनरची धग लावू नका.

३. क्लिप, टेप की गोंद?

क्लिपचा पॅच रोज रात्री काढता येतो, म्हणून अनेकांना तो आधी सोपा वाटतो. पण क्लिप तुमच्याच उरलेल्या केसांना धरून राहते. त्याच त्याच जागी रोज ताण पडला की तिथले केस मुळासकट गळायला लागतात. महिन्यातून दोन-चार लग्नकार्यांपुरता हवा असेल तर क्लिप ठीक.

टेप म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी, कातडीसाठीच बनवलेली पट्टी. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. ती लावायला स्वच्छ, काढायला सोपी, आणि चुकली तर परत लावता येते. गोंदाची पकड पुढच्या रेघेला जास्त चांगली दिसते, पण त्याला हात बसावा लागतो. मी आता पुढे पातळ गोंद आणि बाकी टेप वापरतो.

टेप असो वा गोंद, आधी त्याचा थेंबभर किंवा बोटाच्या पेराएवढा तुकडा कानामागे किंवा दंडाच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस ठेवा. लाल झालं किंवा खाज आली तर तो प्रकार तुमच्यासाठी नाही.

आणखी एक. टेप किंवा गोंदाने चिकटवायच्या पद्धतीत टकलावरची उरलीसुरली लव वस्तऱ्याने काढतात. खुर्चीत बसल्यावर अचानक हे कळलं की माणूस हबकतो. मला तेव्हाच कळलं होतं. आधी विचारून, ठरवून जा.

४. पैसे देण्यापूर्वी

माझा पहिला पॅच फिटिंगसह १८ हजारांना पडला आणि सर्व्हिसिंगला दर वेळी आठशे रुपये जात होते. तुमच्या गावात आकडे वेगळे असतील. हिशेब मात्र वर्षाचा करा: किती पॅच, किती वेळा सर्व्हिसिंग, टेप, शाम्पू, सगळं धरून. एकच पॅच घेऊन वर्ष सहसा नीट जात नाही.

‘कायमची गॅरंटी’ असं कुणी सांगितलं तर बेस फाटल्यावर बदलून देणार का, हे बिलावर लिहून मागा. बेसचा प्रकार, माप आणि केस माणसाचे की कृत्रिम, हेही बिलावर हवं. पॅचचे केस वाढत नाहीत, त्यामुळे जे कापलं ते गेलं. पहिल्या दिवशी कटिंग थोडं लांबच ठेवायला सांगा, आठवडाभर वापरा, मग अजून कमी करून घ्या.

आणि मोबाईल! फिटिंग चालू असताना ‘आधी आणि नंतर’चे व्हिडिओ काढून सोशल मीडियावर टाकायची पद्धत पडली आहे. माझा व्हिडिओ माझ्या चुलतभावाने माझ्याआधी पाहिला. खुर्चीत बसण्यापूर्वीच ‘माझा फोटो, व्हिडिओ काढायचा नाही’ असं स्पष्ट सांगा. त्यात भीड धरू नका.

५. घरात काय हवं

- टेपचं रीळ किंवा कापलेल्या पट्ट्या
- टेप आणि गोंद सुटायचं द्रावण, स्प्रेच्या बाटलीत
- ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस
- कातडीवर लावायचं संरक्षक द्रावण, म्हणजे स्काल्प प्रोटेक्टर
- सल्फेट नसलेला शाम्पू आणि चांगला कंडिशनर
- रुंद दातांचा कंगवा, शेपटीचा कंगवा, बारीक कात्री
- हातात धरायचा छोटा आरसा, मागचं दिसण्यासाठी
- पॅच ठेवायला डोक्याच्या आकाराचा थर्माकोलचा साचा

द्रावण आणि अल्कोहोल दोन्ही पेट घेतात. देवघरातल्या समईजवळ, गॅसजवळ, सिगारेट ओढताना ते उघडू नका.

६. पहिला आठवडा

पहिले २४ तास डोकं भिजवायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. चिकट पूर्ण बसायला तेवढा वेळ लागतो. म्हणून फिटिंग शनिवारी सकाळी करून घ्या, रविवार घरात काढा.

पहिले दोन-तीन दिवस डोक्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं सतत जाणवतं. कपाळाजवळ ओढल्यासारखं होतं, आत गरम वाटतं. सौम्य खाज येते. नखाने खाजवू नका, बोटाच्या पेराने वरून हलकं थोपटा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ही जाणीव विरळ होत जाते, आणि एका दुपारी लक्षात येतं की गेला तासभर आपल्याला पॅच आठवलाच नव्हता. मात्र आग होत असेल, पाणी सुटत असेल, पुरळ आलं असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून सोसू नका. त्याच दिवशी काढा.

आरशाचं वेड या आठवड्यात सगळ्यांना लागतं. आपण सहा इंचांवरून कपाळाची कड तपासत असतो, तितक्या जवळून आपल्याला कुणी पाहत नाही.

ऑफिसात काय सांगायचं हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, नाहीतर ऐनवेळी तोंडातून काहीतरी खोटं निघतं आणि ते पुढे निभवावं लागतं. मी सरळ ‘पॅच लावलाय’ एवढंच म्हणालो. दोन दिवस विषय चालला, तिसऱ्या दिवशी संपला. माझ्या ओळखीच्या एकाने ट्रान्सप्लांट केल्याचं सांगितलं होतं. त्याला अजून लोक डॉक्टरचा नंबर विचारतात आणि तो दर वेळी अवघडतो.

७. काढणं आणि लावणं स्वतः शिका

सर्व्हिसिंगला जाल तेव्हा दोन-तीन वेळा नीट बघा, विचारा. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी, हाताशी दोन-तीन तास ठेवून, घरी करा. पहिल्या वेळी मला अडीच तास लागले. आता पाऊण तास पुरतो.

*काढताना:* कडेचे केस क्लिपने बाजूला घ्या. द्रावण कडेला फवारा आणि पाच मिनिटं शांत बसा. कपाळाकडून फवारत असाल तर डोळ्यांवर घडी केलेला रुमाल धरा. मग शेपटीच्या कंगव्याने कड अलगद उचलत, पुन्हा फवारत, हळूहळू मागे जा. कुठेही ओढायचं नाही. ओढलं की लेस फाटते आणि कातडीही सोलवटते. मी पहिल्याच वेळी घाई केली आणि डाव्या बाजूची लेस दोन बोटं फाटली.

*डोक्याची सफाई:* उरलेला चिकटा द्रावणाच्या कापसाने पुसा, मग शाम्पूने डोकं धुवा. यानंतर किमान एक रात्र डोकं मोकळं ठेवा. ही रात्र माझ्यासाठी आता आठवड्याचा सगळ्यात आरामाचा वेळ आहे. डोकं नीट बघा. लाली, फोड, नवी खवले दिसली तर पॅच परत लावायचा नाही.

*पॅचची सफाई:* बेसवरचा चिकटा काढून पॅच कोमट पाण्यात शाम्पू घालून बुडवा. केस चोळू नका, वरून खाली एकाच दिशेने हात फिरवा. या केसांना मुळाकडून नैसर्गिक तेल मिळत नाही, म्हणून कंडिशनर वगळला तर महिन्याभरात काथ्यासारखे होतात. कंडिशनर केसांच्या टोकांकडेच लावा, गाठींना नको. गाठी सैल होऊन केस सुटतात. साच्यावर ठेवून सावलीत वाळवा. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा घ्या.

*लावताना:* डोकं अल्कोहोलने पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या. पंखा असूनही घाम येत असेल तर एसीच्या खोलीत बसा किंवा पहाटे लावा. संरक्षक द्रावणाचा पातळ हात द्या, सुकू द्या. टेपच्या पट्ट्या बेसच्या कडेने लावा. पट्टीवर पट्टी चढू देऊ नका, मध्ये केसभर फट ठेवा. वरचा कागद काढा. कपाळाच्या मध्यावर आधी एक खूण केलेली असू द्या. पुढची कड त्या खुणेवर टेकवा, आरशात सरळ आहे ना पाहा, मग मागे सोडत जा. शेवटी कंगव्याच्या पाठीने कड दाबून घ्या. गोंद वापरणार असाल तर एक जाड थर देण्यापेक्षा तीन-चार पातळ थर द्या. पांढरा गोंद पारदर्शक झाल्याशिवाय पुढचा थर नाही.

दमट हवेत मी दर सात ते दहा दिवसांनी काढतो. हिवाळ्यात दोन आठवडे जातात. महिनाभर तसाच ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. आत घाम, तेल आणि मृत कातडी साठून वास येतो.

८. रोजच्या जगण्यातले पेच

*तेल.* आपल्याकडे ही सगळ्यात अवघड गोष्ट. खोबरेल तेलाने चिकट सुटतं, तेलच ते. आईला हे समजावताना मला जड गेलं, कारण रविवारी डोक्याला तेल लावून देणं हा तिचा हक्क होता. दिवाळीत मी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पॅच काढून ठेवतो. पहाटे तेल, उटणं, सगळं व्यवस्थित होतं, मग डोकं दोनदा शाम्पूने धुवून पाडव्याला पॅच लावतो.

*हेल्मेट.* आत पातळ सुती टोपी घाला. हेल्मेटचे पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ताणून ते सरळ वरून खाली बसवा. कपाळावरून मागे घासत नेलं तर पुढची कड उचलते.

*लोकल आणि पाऊस.* दारात उभं राहून केस उडाले तर काही होत नाही, पुढची कड नीट चिकटलेली असली की झालं. पावसात भिजलात तर टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. बॅगेत टेपचे दोन छोटे तुकडे कायम असू द्या.

*फेटा आणि मुंडावळ्या.* दोन्हींचा ताण बरोबर हेअरलाइनवर येतो. मुंडावळ्या कड सोडून खाली, कपाळावर बांधायला सांगा. फेटा बांधणाऱ्याला आधी बाजूला घेऊन सांगा, तो सांभाळून घेतो. फेटा उतरवताना मात्र स्वतःच उतरवा.

*धुळवड.* पॅच काढून खेळा. रंग गाठींत बसला की निघत नाही.

उन्हाने केस तांबूस पडतात, कारण मुळातून नवा रंग येत नाही. घरी डाय करताना बेसला रंग लागला तर टाळू काळी दिसते, म्हणून ते काम जाणत्याकडूनच करून घ्या.

९. कुणाला सांगायलाच हवं

लग्न ठरत असेल तर मुलीला आणि तिच्या घरच्यांना होकारापूर्वी सांगा, पॅच काढलेला एक फोटोही दाखवा. हे नंतर कळलं तर प्रश्न केसांचा उरत नाही, विश्वासाचा होतो.

एमआरआयच्या आधी तिथल्या तंत्रज्ञाला सांगा. क्लिप धातूच्या असतात आणि त्या काढाव्याच लागतात. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. घरातल्या निदान एका माणसाला पॅच कसा काढायचा ते दाखवून ठेवा, म्हणजे अपघात किंवा आजारपणात तो डॉक्टरांना सांगू शकेल. माझ्याकडे हे काम बायकोला येतं.

ओळखपत्राचा फोटो टकलाचा आणि समोरचा माणूस केसांचा, असं झालं की विमानतळावर दोन मिनिटं जास्त जातात. शांतपणे सांगितलं की पुरतं.

१०. क्षौराचा प्रसंग

याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितो. गेल्या वर्षी वडील गेले. दहाव्याला घाटावर क्षौर करायचं होतं. आदल्या रात्री मी पॅच काढून साच्यावर ठेवला. न्हाव्याने कडेचे केसही उतरवले. कडेला केस नसले की पॅच मिसळत नाही, तो डोक्यावर ठेवल्यासारखा दिसतो, त्यामुळे तेराव्यानंतरही लावता येणार नव्हता. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. कडेचे केस पॅचशी जुळायला मला अडीच महिने लागले.

तेवढे दिवस मी ऑफिसला तसाच गेलो. ज्यांना माहीत होतं ते काही बोलले नाहीत, ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही डोकं पाहून कारण कळत होतं. पॅच त्या काळात धुऊन, कंडिशनर लावून, साच्यावर सुती कापडाखाली झाकून ठेवला होता. परत लावायच्या दिवशी टेपची पुन्हा दंडावर चाचणी घेतली, कारण इतक्या खंडानंतर कातडी नव्याने कुरकुर करू शकते. चोवीस तास घरी काढले, आणि सोमवारी नेहमीची ८:१२ पकडली.